माळ्यावरच्या टेपांपासून अल्बमपर्यंत: बडोद्यातल्या नव्या बँडसाठी

एका दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या गिटारिस्टच्या आईला दांडिया बाजारातल्या घराच्या माळ्यावर बुटांचं एक खोकं सापडलं. आत अकरा कॅसेट, तीन सीडी आणि एक मिनीडीव्ही, म्हणजे जुन्या हॅन्डीकॅमची छोटी टेप. काकूंचा फोन आला, “अरे, यात तुमचं ते गाणंबजावणं आहे वाटतं. नेतोस की रद्दीवाल्याला देऊ?” मी त्याच संध्याकाळी जाऊन खोकं आणलं. त्यातून आणि आणखी सहा घरांतून गोळा केलेल्या ध्वनिमुद्रणांमधून आम्ही तेरा गाण्यांचा संग्रह केला. काही लाइव्ह, तीन कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची गाणी आम्ही वाजवलेली, आणि बाकीची कधीच कुठे न आलेली. ते करताना जे हाताला लागलं ते इथे लिहितोय. बडोद्यात आज पुन्हा मुलंमुली हॉस्टेलच्या खोल्यांत आणि काकांच्या गॅरेजमध्ये बँड करताहेत, आणि फोन भरला म्हणून त्यांच्या तालमींची रेकॉर्डिंग रोज पुसली जाताहेत. ते पुसणं थांबवा. कामाची पहिली पायरी तीच.

हा अल्बम नेमका कशाचा असतो

रॉकमध्ये अशा संग्रहांची जुनी परंपरा आहे. इंग्लंडच्या ‘द स्मिथ्स’चा पहिला अल्बम १९८४च्या फेब्रुवारीत आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘हॅटफुल ऑफ हॉलो’ आला. त्यात बीबीसी रेडिओसाठी वाजवलेली गाणी आणि सिंगल्सवरची, म्हणजे एकेक गाण्याच्या तबकड्यांवरची, गाणी एकत्र केलेली होती. पहिल्या अल्बममधलीच काही गाणी इथे रेडिओच्या स्टुडिओत भराभर वाजवलेली आहेत आणि पुष्कळांना तीच जास्त जिवंत वाटतात. अमेरिकेच्या ‘आर.ई.एम.’नं १९८७ मध्ये ‘डेड लेटर ऑफिस’ काढला. पत्ता न लागलेली पत्रं पोस्टात जिथे जमा होतात त्या खात्याचं हे नाव. सिंगलच्या मागच्या बाजूला गेलेली गाणी त्यात आहेत आणि ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ची तीन गाणीही. १९९२च्या ‘इन्सेस्टिसाइड’मध्ये ‘निर्वाणा’नं डेमो, म्हणजे कच्ची रेकॉर्डिंग, आणि रेडिओवरची सेशन्स घेतली, स्कॉटलंडच्या ‘द व्हॅसलिन्स’ या छोट्या बँडची दोन गाणी घेतली, आणि त्या बँडचं नाव जगभर पोचलं.

हे परक्या मुलखातलं खूळ नाही. उस्ताद फैयाझ खाँ बडोदा दरबारचे गायक, १९५० मध्ये इथेच गेले. त्या काळच्या, मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. त्यांच्या आलापाचा पसारा कळतो तो रेडिओसाठी गायलेल्या, नंतर जपून ठेवलेल्या ध्वनिमुद्रणांतून. आपल्या घरोघरी बैठकांच्या कॅसेट एकमेकांकडून उतरवून घेतल्या जायच्या, तेही याच ओढीनं. छापील तबकडीवर जे मावलं नाही ते हवं असायचं. तुमच्या बँडचा संग्रहही तसाच असावा. स्टुडिओतल्या अल्बममध्ये न मावलेलं जे आहे तेवढंच घ्या. सापडलं ते सगळं ओतलं, तर तो फक्त साठा होतो.

आधी वही

कॉम्प्युटर उघडायच्या आधी दोनशेपानी वही आणा. मी एक्सेलवर सुरू केलं होतं आणि पंधरा दिवसांत वहीवर आलो, कारण लोकांच्या घरी सोफ्यावर बसून आठवणी उतरवताना लॅपटॉप मध्ये येतो. प्रत्येक टेपला, सीडीला, फाइलला एक आकडा द्या. तोच आकडा त्या वस्तूवर पेन्सिलीनं किंवा कागदी पट्टीवर लिहून चिकटवा. मग वहीत लिहा: कुणाकडून मिळालं, लेबलवर जे लिहिलंय ते अक्षर न बदलता, कुठे वाजवलं, कधी, त्या दिवशी कोण काय वाजवत होतं, कुणी कशावर रेकॉर्ड केलं.

तारखेपाशी सगळे अडतात. आमच्या सातव्या कॅसेटवर निळ्या शाईत एवढंच होतं: ‘हॉल, बी साइड खराब, पुसू नको’. वर्ष नाही, महिना नाही. तेव्हा लोकांना तारीख विचारूच नका, आजूबाजूचं विचारा. गुजरातमध्ये आमच्या पिढीला एक प्रश्न हमखास चालतो: भूकंपाच्या आधीचं की नंतरचं? २६ जानेवारी २००१ची सकाळ कुणीही विसरलेलं नाही. आमचा दुसरा ड्रमर भूकंपानंतरच्या उन्हाळ्यात आला होता, म्हणून ज्या टेपवर त्याचा हात ऐकू येतो ती नंतरची. कुणाची परीक्षा होती, कुणाची एंगेजमेंट झाली होती, कुठला अ‍ॅम्प भाड्यानं आणला होता, अशा प्रश्नांतून महिना हाती लागतो. खात्री असेल तिथे तारीख लिहा, अंदाज असेल तिथे पुढे ‘अंदाजे’ लिहा. ही सवय पुढे अल्बमच्या पुस्तिकेपर्यंत उपयोगी पडते.

रेकॉर्डिंग बँडच्या लोकांकडे क्वचितच असतात, हेही लक्षात ठेवा. आपण वाजवत असतो, रेकॉर्ड दुसरं कुणीतरी करत असतं. साउंडवाल्या भाईंना विचारा. पहिल्या रांगेत बसणाऱ्या मित्राला, बहिणीच्या नवऱ्याला, कॉलेजात हॅन्डीकॅम घेऊन फिरणाऱ्या सीनियरला विचारा. आमच्या अल्बममधलं सगळ्यात चांगलं रेकॉर्डिंग एका लग्नाचं शूटिंग करणाऱ्या गृहस्थांकडून मिळालं. ते सहज म्हणून आमच्या कार्यक्रमाला कॅमेरा घेऊन आले होते. मिनीडीव्हीवर आवाज १६ बिट, ४८ किलोहर्ट्झला मुद्रित होऊ शकतो, म्हणजे सीडीच्या तोडीचा. जुन्या हॅन्डीकॅमच्या टेपांना लोक फक्त चित्र समजतात. तुम्ही त्यातला आवाज मागा.

फोनवरच्या फाइल मागताना एक पथ्य पाळा. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो, आवाजही त्यात मरतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर पेनड्राइव्ह घेऊन घरी जा. घरी गेलात की चहा होतो, चहाबरोबर आणखी दोन सीडी बाहेर येतात.

कॅसेट उतरवणं

हे काम दिवाळी ते होळी या दिवसांत करा. बडोद्याच्या पावसाळ्यात हवा इतकी ओली असते की बंद कपाटातल्या टेपवरही बुरशी चढते. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडे उजेडात बघा. कडेवर पांढरी पूड किंवा जाळी दिसली तर ती कॅसेट डेकमध्ये, म्हणजे कॅसेट वाजवणाऱ्या यंत्रात, घालू नका. बुरशी टेप वाचणाऱ्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक टेपवर जाते. अशा टेपा वेगळ्या पिशवीत ठेवा आणि हे काम येणाऱ्या माणसाकडे द्या.

चांगल्या कॅसेटसाठी चालू स्थितीतला एक डेक शोधा. खंडेराव मार्केटच्या आसपास, जुन्या शहरात रेडिओ-टेप दुरुस्त करणारे हात अजून आहेत. त्यांच्याकडून रबरी पट्टा बदलून घ्या, कारण वीस वर्षं पडून राहिलेला पट्टा सैल तरी होतो नाहीतर चिकट तरी. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीनं पुसा. कॅसेट लावायच्या आधी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवा, म्हणजे एकमेकांना चिकटलेले थर मोकळे होतात. टेपमागे छोटी फेल्टची गादी असते, ती टेपला हेडवर दाबून धरते. ती गळून पडली असेल तर आवाज गढूळ येतो. स्क्रूनं उघडणारी दुसरी कॅसेट घ्या आणि आपली रीळ तिच्या डबीत बसवा. हात थरथरत असतील तर आधी एखाद्या जुन्या नको असलेल्या कॅसेटवर सराव करा.

मग हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू. ज्या डेकवर टेप मुद्रित झाली त्याचा हेड थोडा तिरका असेल, तर तुमच्या डेकवर तिचा वरचा आवाज, म्हणजे झांजा आणि ‘स’चा उच्चार, बोथट येतो. टेप चालू ठेवून, आवाज मोनो करून, तो स्क्रू अगदी केसाएवढा फिरवा. एका जागी झांज एकदम उघडते. तिथे थांबा. हे प्रत्येक टेपसाठी वेगळं करावं लागतं आणि नवखे लोक हीच पायरी गाळतात. पुढे इक्वलायझरवर कितीही ताणलं तरी इथे गमावलेला आवाज परत येत नाही.

कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर पुरतं, फुकट आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. सगळ्यात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील अशी पातळी लावा. मग सी-६०ची एक बाजू अर्धा तास, सी-९०ची पाऊण तास, मध्ये न थांबवता पूर्ण उतरवा. गाण्यांमधलं बोलणं, ट्यूनिंग, कुणाचा खोकला, काहीही कापू नका. या फाइलला ‘मूळ’ असं नाव द्या आणि पुन्हा तिला हात लावू नका. काम नेहमी प्रतीवर करा.

आणि वेग तपासा. सेलवर चालणारे टेपरेकॉर्डर सेल उतरले की हळू फिरायचे, म्हणून ती टेप आता धावते आणि गाणारी मुलगी शाळकरी वाटते. मागे विजेची घरघर असेल तर ती ५० हर्ट्झवर असायला हवी, असं इंटरनेटवर वाचाल. पण त्या काळी आपल्याकडे ग्रिडची फ्रिक्वेन्सी बरीच वरखाली व्हायची, तेव्हा तिच्यावर विसंबू नका. बँडमध्ये कीबोर्ड असेल तर तो खरा साक्षीदार. कॅसिओचा ‘सा’ पावसात, उन्हात, सेल उतरले तरी तोच राहतो. त्याच्याशी सूर जुळेपर्यंत वेग बदला.

निवड

आम्ही सगळं ऐकून तीन ढीग केले. पहिल्यात कुठेच न आलेली गाणी, दुसऱ्यात आलेली पण इथे वेगळी वाजलेली, आणि तिसऱ्यात आठवणी. तिसरा ढीग सर्वांत मोठा आणि सर्वांत लाडका असतो. त्यातलं काहीही अल्बममध्ये घेऊ नका. मित्राचं हसणं ऐकून तुमच्या डोळ्यांत पाणी येतं, पण ऐकणाऱ्याला तिथे फक्त हसणं ऐकू येतं. त्या फाइल आपसात वाटा, वर्षातून एकदा एकत्र बसून ऐका.

कसोटी अशी: त्या दिवशी तिथे नसलेल्या माणसाला गाणं ऐकवा, आधी काहीही न सांगता. मी माझ्या पुतणीला ऐकवलं. ती एकोणीस वर्षांची आहे, हिपहॉप ऐकते. तिनं ज्यावर मान वर केली ती बहुतेक सगळी घेतली.

त्यातलं एक सांगतो. १४ जानेवारीची संध्याकाळ, वाडीतली गच्ची, दोन अकूस्टिक गिटार, एक डफ आणि साधा फोन. दिवसभर पतंग उडवून बोटं मांज्यानं कापलेली, म्हणून गिटारिस्ट बोटाला चिकटपट्टी लावून वाजवतोय आणि तारांचा आवाज मऊ झालाय. दुसऱ्या कडव्याच्या सुरुवातीला शेजारच्या गच्चीवरून आरोळी येते, “काप्यो छे!” आमची गायिका थांबत नाही. ती पुढची ओळ त्याच आरोळीच्या उंचीवर उचलते, मूळ चालीपेक्षा चार सूर वर, आणि शेवटपर्यंत तिथेच गाते. स्टुडिओत हे गाणं आम्ही तीनदा रेकॉर्ड केलंय, ती जागा एकदाही आली नाही. फोन जुना, त्याची फाइल ८ किलोहर्ट्झची, म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच त्यात नाही. टेलिफोनवरून यावा तसा आवाज. तरीही ते अल्बमचं चौथं गाणं आहे. दुसरीकडे, एका मोठ्या नगरगृहातलं स्वच्छ रेकॉर्डिंग आम्ही सोडलं, कारण त्या रात्री आम्ही फक्त बरोबर वाजवलं होतं.

बारा-चौदा गाणी, पंचेचाळीस-पन्नास मिनिटं पुरे. एकाच गाण्याची दोन रूपं घ्यायची असतील तर ती खरंच वेगळी हवीत.

मिक्सरची टेप आणि खोलीतली टेप

लाइव्हची रेकॉर्डिंग दोन प्रकारची मिळतात. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून घेतलेल्या टेपमध्ये गळा मोठा आणि ड्रम जवळजवळ नाहीत, कारण छोट्या हॉलमध्ये ड्रमला माइकची गरजच नसते. प्रेक्षकांतल्या फोनवर उलट. तिथे ड्रम आणि टाळ्या भरपूर, शब्द धुरकट. नशीब असेल तर एकाच रात्रीची दोन्ही मिळतात. मग ती जोडा.

आवाज हवेतून एका मीटरला साधारण तीन मिलिसेकंद घेतो. फोन स्पीकरपासून पंधरा मीटरवर असेल तर त्याचा आवाज मिक्सरच्या आवाजाच्या सुमारे ४४ मिलिसेकंद मागे असतो. दोन्ही ट्रॅक खाली-वर लावा, काउंट-इनच्या, म्हणजे गाण्याआधी मोजणी देणाऱ्या, काठ्यांचा टकटक आवाज दोन्हीकडे शोधा आणि फोनचा ट्रॅक तेवढा डावीकडे, म्हणजे आधी, ओढा. काम इथे संपत नाही. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत, म्हणून पहिल्या गाण्यात जुळलेलं सहाव्या गाण्यात घसरतं. प्रत्येक गाणं वेगळं कापून वेगळं जुळवा. जुळल्यावर मिक्सरचा ट्रॅक पुढे ठेवा आणि खोलीचा हळूहळू वाढवा. एका जागी हॉलच्या भिंती उभ्या राहतात. ऑडॅसिटीत हे जमतं, पण रीपर या सॉफ्टवेअरमध्ये सोपं जातं. त्याची साठ दिवसांची पूर्ण चाचणी मिळते.

सफाईबद्दल माझं मत ठाम आहे: कमी करा. घरघर असेल तर ५०, १००, १५० हर्ट्झवर अरुंद काप घ्या, म्हणजे तेवढाच आवाज कमी करा. टेपची सरसर कमी करणारी साधनं एका मर्यादेपलीकडे वापरली की झांजा पाण्याखाली वाजल्यासारख्या येतात, आणि तो दोष सरसरीपेक्षा जास्त खुपतो. चुकलेला सूर दुरुस्त करू नका. विसरलेलं कडवं दुसऱ्या रात्रीच्या टेपमधून आणून चिकटवू नका. ही अमुक रात्र आहे असं पुस्तिकेत लिहायचं असेल तर ती रात्रच असायला हवी.

कव्हरची परवानगी

इथे सावकाश वाचा. आमचा एक ट्रॅक इथेच अडकला होता. ऑनलाइन मंचांवर गाणी पोचवणाऱ्या एका वितरण सेवेवर चढवताना मी कव्हरच्या रकान्यात टिक केलं नाही, आणि तीन आठवड्यांनी अल्बममधलं ते गाणं उतरवलं गेलं. चूक माझी होती, आणि दोन दिवस वाचन केलं असतं तर टळली असती.

गाण्यात तीन वेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. तुम्ही स्वतः वाजवून रेकॉर्ड केलंत तर ध्वनिमुद्रण तुमचं, पण शब्द आणि चाल मूळ लोकांचीच राहतात. आपल्याकडे गीतकार-संगीतकाराचा हक्क त्यांच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षं टिकतो. ही साठ वर्षं मृत्यूनंतरच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. १९६० मध्ये गेलेल्या संगीतकाराची चाल १ जानेवारी २०२१ला मोकळी झाली.

मराठी बँड सर्वांत जास्त फसतात ते अभंगावर. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, नरसिंह मेहतांची पदंही. पण तुमच्या कानात बसलेली चाल विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराची असेल तर ती मोकळी नाही. शब्द घ्या आणि चाल स्वतः बांधा, किंवा खरोखर पारंपरिक चाल घ्या. गरब्यांचंही तेच. आजी गायची तो गरबा आणि मैदानात स्पीकरवर वाजणारी त्याची नवी बांधणी यांत फरक करा.

कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये कव्हरसाठी कलम ३१-सी आहे. मूळ गाणं पहिल्यांदा मुद्रित झालं ते वर्ष संपून पाच वर्षं गेल्याशिवाय त्याखाली कव्हर काढता येत नाही. आधी नोटीस द्यावी लागते, रॉयल्टी आगाऊ भरावी लागते, तीही वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींची, आणि वेष्टनावर कव्हर असल्याचं लिहावं लागतं. छोट्या बँडला हा रस्ता परवडत नाही. त्यापेक्षा हक्कधारकाकडून, म्हणजे प्रकाशक कंपनीकडून किंवा इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेकडे चौकशी करून, सरळ परवानगी घ्या. आम्हाला एका मराठी गाण्याची परवानगी संगीतकाराच्या घरच्यांनी एका पत्रावर दिली. आम्ही रेकॉर्डिंग सोबत पाठवलं होतं आणि ते त्यांनी मनापासून ऐकलं. इंग्रजी गाण्यांसाठी काही वितरण सेवा जादा शुल्क घेऊन परवाना काढून देतात. तो कुठल्या देशांपुरता आहे ते वाचूनच पैसे भरा.

इंग्रजी गाण्याला मराठी किंवा गुजराती शब्द लावून गाणं आपल्याकडे फार आवडीनं होतं. त्याला साधा कव्हरचा परवाना चालत नाही. शब्द बदलणं, भाषांतर करणं, यासाठी मूळ हक्कधारकाची वेगळी परवानगी लागते. आमचं असं एक गाणं टाळ्यांच्या कडकडाटातलं होतं. परवानगी मिळाली नाही, म्हणून ते घरीच राहिलं.

जुने साथीदार

कायद्यानं वाजवणाऱ्यालाही आपल्या सादरीकरणावर पन्नास वर्षं हक्क असतो. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याच्या हाताचे ठोके तुम्ही विकताय त्याला विचारणं हा माणूसपणाचा भाग आहे. बँड सोडताना भांडण झालं असेल तर आधी फोन करा, कागद नंतर पाठवा. आमचा पहिला बासिस्ट एकोणीस वर्षं बोलत नव्हता. मी त्याला मेसेज न करता निजामपुऱ्यात त्याच्या घरी गेलो आणि इअरफोन त्याच्या हातात दिले. गाणं संपल्यावर तो म्हणाला, “तिसऱ्या कडव्यात मी चुकलोय, ते राहू दे.” मग एका पानावर लिहून घेतलं: कुठली गाणी, कमाईत कुणाचा किती वाटा, श्रेय कसं छापायचं, आणि खाली सगळ्यांच्या सह्या. पैसे थोडेच येतात, म्हणूनच आधी लिहा.

क्रम, आवाजाची पातळी, पुस्तिका

काळाच्या क्रमानं लावायचा मोह होतो. तसं केलं की सगळी कच्ची रेकॉर्डिंग सुरुवातीला येतात आणि ऐकणारा तिसऱ्या गाण्याला उठतो. आम्ही मिनीडीव्हीच्या स्वच्छ लाइव्हनं सुरुवात केली, मग कॅसेट, मग फोन. कान हळूहळू धुळीला सरावतात. एका गाण्याच्या टाळ्या दुसऱ्या रात्रीच्या टाळ्यांत विरघळवू नका. दोन सेकंद शांतता ठेवा, म्हणजे खोली बदलली हे कळतं.

स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) गाणी आणतं, त्यामुळे आवाज भिंतीसारखा दाबून काही मिळत नाही. शिखर उणे १ डेसिबलच्या खाली ठेवा. सगळी गाणी एकाच पातळीला ओढू नका, गच्चीवरचं गाणं हॉलमधल्यापेक्षा हळूच असायला हवं. रिक्षात, कारमध्ये, स्वयंपाकघरातल्या छोट्या स्पीकरवर ऐकून बघा.

पुस्तिकेवर कंजूषी करू नका. डिजिटल काढलात तरी चार पानांची पीडीएफ करा. वहीतल्या नोंदी इथे कामाला येतात: प्रत्येक गाण्याखाली जागा, तारीख किंवा ‘अंदाजे’, वाजवणारे, रेकॉर्ड करणारे आणि कशावर. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या त्या गृहस्थांचं नाव आम्ही बँडच्या नावांइतक्याच मोठ्या अक्षरांत छापलं. मुखपृष्ठावर सातव्या कॅसेटचं लेबल आहे, ‘पुसू नको’सकट.

बाहेर काढणं

हे सोपं आहे. १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या वेव्ह फाइल, ३००० बाय ३००० पिक्सेलचं चित्र. नावापुढे ‘लाइव्ह’ लिहा. स्टुडिओतलं रूप आधी बाहेर असेल तर लाइव्हला वेगळा आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक लागतो, कारण ते वेगळं ध्वनिमुद्रण आहे. तो वितरण सेवेकडून मिळतो. बँडकॅम्प ही संगीत विकणारी साइट डिजिटल विक्रीतले १५ टक्के ठेवते, आणि पुस्तिका सोबत देता येते म्हणून आम्ही आधी तिथे काढला. तारखेच्या तीन-चार आठवडे आधी फाइल चढवा. नवरात्र टाळा. त्याच्या आधीचे दोन महिने आणि ते नऊ दिवस बडोद्यातला एकही साउंडवाला मोकळा नसतो आणि कुणाच्याही कानात दुसरं काही शिरत नाही. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम, परीक्षांच्या आत.

मूळ फाइल कुठे ठेवायच्या

शेवटी आलं तरी हे सुरुवातीपासून करा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक गावाबाहेर. विश्वामित्री नदीचं पाणी २०१९ मध्ये शहरात आलं, २०२४ मध्ये पुन्हा आलं. दुसऱ्या वेळी आमच्या ड्रमरच्या तळमजल्यावरच्या खोलीत कमरेएवढं पाणी होतं. त्याच्याकडच्या चौदा टेपा गाळात गेल्या आणि त्यांतल्या नऊ आम्ही अजून उतरवलेल्या नव्हत्या. त्यांत काय होतं ते वहीत लिहिलेलं आहे, आवाज मात्र नाही. आता एक डिस्क माझ्या घरी तिसऱ्या मजल्यावर आहे, एक क्लाउडवर, आणि एक पुण्यात बहिणीकडे, साड्यांच्या कपाटात. वर्षातून एकदा, भाऊबीजेला ती येते तेव्हा डिस्क घेऊन येते. आम्ही ती लावून दोन-चार फाइल उघडून बघतो, नवीन भर घालतो, आणि जाताना ती परत नेते.